ताप उतरला तो दिवस

१२ जून २०२४, संतपूर

बिदरच्या एका मेडिकल कॉलेजातून फोन आला. बाई कानडीत सुरू झाल्या, माझं कानडी ऐकून मराठीवर आल्या. त्यांच्याकडे प्राण्यांवर प्रयोग होतात आणि त्यांना परवानगी देणाऱ्या समितीत कायद्यानं एक माणूस असा लागतो, जो शास्त्रज्ञ नाही, डॉक्टर नाही. आधीचे गृहस्थ मुलाकडे पुण्याला राहायला गेले. औरादच्या माझ्या कोण्या जुन्या विद्यार्थ्यानं माझं नाव सुचवलं म्हणे.

मी म्हटलं, "बाई, मी जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं. मला यातलं काय कळणार?"

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या.

निवृत्त झाल्यापासून मला कोणी कशावर मत विचारल्याचं आठवत नाही. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला देतात तेवढंच. हो म्हणून टाकलं. कुसुम हसली. "उंदरांची बाजू तुम्ही मांडणार? स्वयंपाकघरात उंदीर दिसला की खुर्चीवर पाय घेऊन बसता!"

संध्याकाळी जगदेवप्पाच्या दुकानात गेलो. बसस्टँडजवळ त्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान, मागं घर. आम्ही पहिलीपासून एका वर्गातले. सगळं गाव त्याला सावकार म्हणतं, मी जगदेवा म्हणतो. तो म्हणाला, "अच्युता, आता मोठा माणूस झालास लेका. आमाला वळखशील का न्हाई?" त्याच्या बायकोनं, सावित्रम्मानं, आतून चहा पाठवायच्या ऐवजी स्वतः आणून दिला आणि उंदरांना काय खायला घालतात ते विचारलं. मला सांगता आलं नाही.

२८ जून

पहिली बैठक. टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. अच्युतराव, पुढे सदस्य. घरी आणावीशी वाटली, पण ती तिथंच ठेवायची असते.

फोनवरच्या बाई म्हणजे डॉ. नेत्रावती. आळंदकडच्या, आई मराठी. पस्तिशीच्या असतील. त्यांचा विषय डेंगीचा, त्यातही ज्यात रक्तस्राव होतो त्या तापाचा. मला समजावं म्हणून त्यांनी फार सोपं करून सांगितलं. साध्या उंदराला माणसाचा डेंगी होतच नाही. म्हणून असे उंदीर पैदा केलेत, ज्यांच्या अंगात विषाणूला अडवणारी पहिली ताकद जन्मापासूनच नसते.

"म्हणजे दारच नसलेलं घर," मी म्हणालो.

"तसंच समजा, सर. पण म्हणून त्यांच्यात जे दिसेल ते माणसात तसंच दिसेल असं नाही."

त्यांना आपल्या कुंपणावरची कडूवेल तपासायची आहे. मला हसू आलं. संतपुरात शेळ्यासुद्धा तिला तोंड लावत नाहीत.

मी एक प्रश्न विचारला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्या उंदरांना औषध देणार नाही, ते मरेपर्यंत तुम्ही बघत बसणार का? नेत्रावती म्हणाल्या, उंदराला माणसासारखा ताप चढत नाही, उलट तो गार पडत जातो. एकदा गार पडला की सहसा उठत नाही. मग मी अट घातली. गार पडायला लागला की थांबायचं नाही, त्याला भुलीचं औषध देऊन तिथंच त्रासातून कायमचं सोडवायचं. अट मंजूर झाली, इतिवृत्तात माझ्या नावानं आली.

परतताना बसमध्ये फार बरं वाटत होतं. जनवाड्याला कोणी ओळखीचं चढलं असतं तर सगळं सांगितलं असतं.

६ ऑगस्ट

आज नेत्रावतींनी उंदीर दाखवले. अंगात झगा, डोक्याला टोपी, बुटांवर पिशव्या. आत गार हवा आणि भाताच्या तुसासारखा वास. पारदर्शक डबे ओळीनं लावलेले.

डावीकडच्या डब्यांतले उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले, केस उभे, डोळे मिटलेले. उजवीकडचे इकडून तिकडे पळत होते. एक पुढच्या पायांत दाणा धरून खात होता. दोन्हीकडे एकाच दिवशी विषाणू टोचलेला. फरक एवढाच, की उजवीकडच्यांना त्याच दिवसापासून कडूवेलीचा अर्क चालू होता.

मी तिथंच उभा राहिलो. नेत्रावतींचाही चेहरा उजळला होता. म्हणाल्या, "चांगलं दिसतंय, सर. पण अजून लांबचा पल्ला आहे."

पल्ला असेल. मी डोळ्यांनी बघितलं ते बघितलं.

घरी आल्यावर कुंपणाजवळ जाऊन त्या वेलीकडं बराच वेळ बघत होतो. कुसुम म्हणाली, काय हरवलंय?

१७ सप्टेंबर

हायस्कुलानं झेंडावंदनाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. निजामाच्या राजवटीतून सुटल्याची हकीकत दरवर्षी कोणीतरी सांगतंच. पोरं पाय हलवत उन्हात बसली होती. मी ती थोडक्यात आटोपली आणि म्हणालो, आज तुम्हाला आजची गोष्ट सांगतो. तापाची, उंदरांची आणि आपल्याच बांधावरच्या वेलीची.

पोरांचे पाय थांबले. मागं उभे असलेले पालक पुढं सरकले. "ज्यांना औषध मिळालं नाही ते मेले, ज्यांना मिळालं ते दाणे खात होते. हे मी ह्या डोळ्यांनी बघितलंय," असं म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. शिक्षक असताना माझ्या तासाला कधी टाळ्या पडल्या नाहीत.

बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. पण मी कॉलेजचं नाव घेतलं नाही, नेत्रावतींचंही नाही. मग बोललो कुठं?

जगदेव पहिल्या रांगेत होता. म्हणाला, "ह्याला म्हंतेत भाषण."

२१ सप्टेंबर

दारी माणसं यायला लागली आहेत. कोणी पाला मागतं, कोणी किती घ्यायचा ते विचारतं. मी सकाळी मूठभर पाला वाटून गाळून घ्यायला सांगतो. गावात ताप बराच आहे.

दुपारी नेत्रावतींचा फोन. त्यांच्या कानावर गेलं होतं. आवाज शांत होता, पण नेहमीचा नव्हता.

"सर, आम्ही विषाणू टोचला त्याच दिवशी औषध दिलंय. माणूस आमच्याकडे येतो तो ताप येऊन तीन-चार दिवस झाल्यावर. आणि आमचा अर्क वेगळा, तुमचा घरचा रस वेगळा."

"पण रसानं काही अपाय तर होणार नाही ना?"

"रसानं कदाचित होणार नाही. रस पिऊन माणूस घरी बसून राहिला तर होईल. कृपा करून सांगू नका असं."

मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर राग आला. ही तरुण शास्त्रज्ञ मंडळी स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. बिदरला जायला ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांनी काय करायचं? कुसुमला हे बोललो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या बाई शिकलेल्या आहेत हो." एवढंच म्हणाली.

३० सप्टेंबर

सावित्रम्माला परवापासून ताप आहे. इथल्या डॉक्टरांनी रक्त बघितलं, डेंगी निघाला. रोज रक्त तपासा, पाणी भरपूर प्या, पोटात दुखलं किंवा उलट्या झाल्या तर बिदर गाठा, म्हणाले.

मी स्वतः पाला घेऊन गेलो. स्वतः वाटला, गाळला. तिनं पेला नाकापासून लांब धरला.

"अण्णा, शाळेत पोरांना बी असंच पाजवत होतात का?"

"पोरं पळून जायची," मी म्हणालो. ती हसली आणि एका दमात प्यायली.

२ ऑक्टोबर

ताप उतरत नाही. अंग मोडून पडलंय तिचं, डोळ्यांच्या मागं दुखतंय. त्यांचा थोरला मुलगा प्रशांतकुमार म्हणाला, बिदरला ॲडमिट करू, जीप दारात उभीच आहे. जगदेवनं माझ्याकडं बघितलं.

"अच्युता, तू काय म्हंतोस?"

मी म्हणालो, रस चालू आहे, अजून दोन दिवस बघू. दवाखान्यात तरी सलाईनशिवाय काय देणार?

जगदेव मुलाला म्हणाला, "सरांनी बघितलंय ते, तू न्हाई बघितलास." प्रशांतनं जीपची किल्ली परत खिळ्याला अडकवली.

४ ऑक्टोबर

उतरला! सकाळी जाऊन बघतो तर सावित्रम्मा न्हाऊन, कपाळाला विभूती लावून ओट्यावर बसलेली. अंग अगदी गार. जगदेव मला बघून दुकानातून धावतच आला, गिऱ्हाईक तसंच सोडून. "अच्युता, जिंकलास लेका!" म्हणाला आणि माझे दोन्ही खांदे धरले.

तिनं हट्टानं स्वतः उठून चहा केला. कप हातात देताना बोटं लागली, गारच होती. म्हटलं, ताप चांगलाच उतरलाय. अर्धी भाकरी खाल्ली म्हणे. पोट जरा दुखायलंय म्हणाली. "तुमच्या त्या कडू पाण्यानं, अण्णा, दुसरं काय." मला म्हणाली, तुमच्या उंदरांना माझा नमस्कार सांगा.

प्रशांत विचारत होता, तरी एकदा रक्त तपासून आणू का. मी म्हणालो, आता कशाला?

घरी येऊन कुसुमला सांगितलं. तिनं देवीच्या घटापाशी साखर ठेवली. नेत्रावतींना फोन लावावासा वाटला. मग म्हटलं, राहू दे. उगीच वाद कशाला. समक्षच सांगू.

६ ऑक्टोबर

सावित्रम्मा गेली.

१० ऑक्टोबर

लिहायला बसतो आणि उठतो. आज लिहितोच.

चार तारखेच्या संध्याकाळपासून तिला उलट्या सुरू झाल्या. जगदेवनं मला निरोप पाठवला नाही. मला उगीच त्रास नको, वाटलं असेल. पाच तारखेला सकाळी प्रशांतनं जीप काढली. मला बसस्टँडवर कळलं, मागच्या बसनं गेलो. पोचलो तेव्हा तिला आत नेलं होतं. रक्तदाब लागत नव्हता. हिरड्यांतून रक्त येत होतं. दुपारी पोटात रक्तस्राव झाल्याचं सांगितलं. रक्त दिलं, पांढऱ्या पेशी का प्लेटलेट, काय म्हणतात ते दिलं, प्रशांतनं आणि त्याच्या मित्रांनीही रक्त दिलं. सहाला सकाळी ती गेली.

तिथला तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, मी घरचाच आहे असं समजून. "काका, परवाच का नाही आणलं? ताप उतरला की लोक निर्धास्त होतात. ह्या आजारात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, हातपाय गार पडतात, पोट दुखतं. त्याच वेळी सलाईन लागलं तर बहुतेक माणसं वाचतात."

मी विचारलं, "ताप औषधानं उतरत नाही?"

"आपोआप उतरतो, काका. चार ते सात दिवसांत. औषध घ्या, न घ्या."

म्हणजे मी चहा घेतला तेव्हा तिचे हात गार होते ते त्यामुळं. गार पडायला लागला की थांबायचं नाही, ही अट मीच घातली होती. इतिवृत्तात माझं नाव आहे. उंदरांसाठी घातली आणि माणसाच्या हातून चहा घेऊन घरी आलो.

शेतात माती दिली. स्वामी आले होते, गाव लोटलं होतं. जगदेव माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. डॉक्टर काय म्हणाला ते मी त्याला सांगितलं नाही. त्या वेळी सांगण्यासारखं नव्हतं ते. मी त्याची पाठ थोपटत राहिलो.

घरी आलो तर कुंपण उघडं पडलेलं. कुसुमनं विळ्यानं सगळी वेल कापून मुळासकट उपटून काढली होती. हाताला फोड आले होते तिच्या.

२२ ऑक्टोबर

बिदरला नेत्रावतींकडे गेलो. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या ऐकत होत्या आणि समोरचा पेन उघडत होत्या, मिटत होत्या.

मी म्हणालो, राजीनामा आणलाय.

"राजीनाम्यानं काय होणार, सर?" त्या म्हणाल्या. मग पेन बाजूला ठेवून, "मी तुम्हाला ते डबे दाखवायला नको होते. समितीला आकडे पुरेसे होते. पण तुमच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला हवं होतं. दोन वर्षांत कोणी इतक्या आनंदानं माझं काम बघितलं नव्हतं."

मला वाटलं होतं त्या चिडतील. रडवेल्या झाल्या होत्या. आता उंदीर आजारी पडल्यावर, उशिरा औषध देऊन बघणार आहेत. माणसाला मिळेल तसं. परवानगी मिळालेली आहे. त्या परवानगीवर माझीही सही आहे, पण तेव्हा मी वाचलं नव्हतं कशासाठी ते.

राजीनामा त्यांनी माझ्याच पिशवीत परत ठेवला.

५ नोव्हेंबर

जनवाड्याहून एक माणूस आला. तानाजी नाव. मोटारसायकल दारात लावूनच बोलायला लागला.

"सर, तो पाला पायजे होता. बायकोला ताप हाय, पंचशीलाला. पाचवा दिस."

मी म्हटलं, पाला नाही, आणि तो कोणी घ्यायचाही नाही. तुला कोणी पाठवलं?

"सावकारांनी. जगदेवप्पांनी. बियाणं घ्यायला गेलतो. म्हनले, माझ्या बायकोचा ताप त्याच औषधानं उतरला व्हता. तिची येळच आल्ती म्हनून गेली, पण औषध खरं हाय म्हनले."

मी विचारलं, ताप आता किती आहे?

"सकाळपासून उतरलाय बघा. म्हनून तर म्हनलं, पाला दिला की पुरा बरा व्हईल."

तसाच चपला घालून त्याच्या मागं बसलो. वाटेत ओरडून त्याला सांगत होतो. वाऱ्यात त्याला किती ऐकू गेलं कोणास ठाऊक. जनवाड्याला पोचलो तर ती भिंतीला टेकून बसली होती, घाम फुटलेला, तळवे थंड. शेजाऱ्यांच्या टमटममधून बिदरला नेलं. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

तानाजीनं माझे पाय धरले. मी त्याला ओरडलो. का ओरडलो ते त्याला कळलं नसेल.

६ नोव्हेंबर

आज जगदेवकडे गेलो. जायला नको, असं सगळं अंग सांगत होतं. पण तो दुकानात येईल त्या माणसाला माझ्याकडे पाठवतोय.

हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी होती. लोक गेले तसा मी बोललो.

"जगदेवा, त्या पाल्यानं ताप उतरला नव्हता."

"मग?"

"तो आपोआप उतरतो. आणि उतरतो तेव्हाच धोका असतो. तिला त्याच दिवशी बिदरला न्यायला हवं होतं. प्रशांत बरोबर म्हणत होता."

त्याच्या हातात रिकामी पिशवी होती. ती त्यानं नीट घडी घालून गल्ल्यावर ठेवली.

"तुला कधी कळलं हे?"

"ती गेली त्या दिवशी. डॉक्टर म्हणाले."

"आन् आज सांगायलास?"

"तुला सहन होणार नाही म्हणून तेव्हा..."

"मग आज कामून सांगायलास? आज व्हतंय सहन?"

मी तानाजीचं सांगितलं. त्याच्या बायकोचं. लोकांना आता पाठवू नकोस म्हणालो. तो ऐकत होता का नाही, कळत नव्हतं. रस्त्याकडं बघत होता. औरादची बस थांबली, गेली.

मग म्हणाला, "त्या दिशी ती न्हाली. स्वतः न्हाली. मला म्हनली, कदी न्हवं ते केस विंचरून द्या. अर्धी भाकर खाल्ली. मला वाटायचं, गेली तर गेली, पर जायच्या आदी एक दिस तिला बरं वाटलं. अच्युतानं तेवडा एक दिस दिला. रोज तेच आठवून झोपतो मी." गल्ल्यावरची पिशवी पुन्हा सरळ केली. "तेवडा एकच दिस व्हता माज्याकडं."

मी त्याच्या हाताला हात लावायला गेलो. त्यानं हात काढून घेतला, रागानं नाही, हळूच.

"तुमी जावा आता, सर," म्हणाला.

मला वाटलं मागं कोणी आलंय, त्याला म्हणतोय. वळून बघितलं. कोणी नव्हतं.

१८ डिसेंबर

बैठक. नेत्रावतींचे उशिराच्या औषधाचे निकाल आले. आजारी पडल्यावर औषध दिलेले आणि न दिलेले, दोन्हींत काही फरक पडला नाही. आत जाऊन बघायचंय का, त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. मग पुन्हा म्हणालो, बघतो.

ओळीत दोन्ही बाजूंचे डबे सारखेच होते. कोणता कोणाचा हे पाटी वाचल्याशिवाय कळत नव्हतं.

अध्यक्षांनी कोणाला काही विचारायचंय का म्हणून पाहिलं. मी हात वर केला. "हे छापणार ना? उपयोग झाला नाही, असं?"

एक दोघं हसली. नेत्रावती हसल्या नाहीत. "छापणार, सर. असंच."

परतताना बसच्या खिडकीतून जगदेवचं दुकान दिसलं. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता. पूर्वी मी उतरून आधी तिथं जायचो, मग घरी. आता मागच्या गल्लीनं जातो. ती वाट लांबची आहे आणि तिथं कुत्री आहेत.

३ एप्रिल २०२५

प्रशांतकुमार भेटला. पाया पडला. मी विचारलं, अप्पा कसे आहेत? "बरे हाईत. जेवण कमी झालंय." मी म्हटलं, माझं काही म्हणतात का? तो पोरगा खोटं बोलत नाही. म्हणाला, "नाव घेत न्हाईत, सर."

बरोबर आहे. मी तरी काय केलं? आधी खोटं देऊन तिला घेतलं, मग खरं देऊन राहिलेलंही घेतलं. खरं सांगणं चुकीचं नव्हतं, हे मी रोज स्वतःला सांगतो. उशिरा सांगितलं, हे त्याच्यापुढं येऊन बसतं.

२४ ऑगस्ट

कुसुम घरी आली. ती झोपलीय म्हणून लिहितो.

मागच्या आठवड्यात तिला ताप आला, रक्तात डेंगी निघाला. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. रक्त तपासणाऱ्या पोराशिवाय कोणाला माहीत नव्हतं. रोज तपासत होतो. एकवीसला सकाळी तो पोरगा रक्त घेऊन गेला तेव्हा तिचं अंग निवलं होतं. मी पिशवी भरायला घेतली. तिची औषधं सापडत नव्हती. बिदरची बस किती वाजता आहे ते आठवेना.

दारात जीप थांबली. जगदेव उतरला. आत आला नाही, उंबऱ्यापाशी उभा राहिला.

"वहिनीचा ताप उतरला म्हनं."

"हो. आत्ताच."

"मग बसायलात कामून? चला."

कुसुमला त्यानं मागच्या सीटवर आडवं केलं, उशाला घोंगडं दिलं. मी पुढं बसलो. संतपूर सुटलं, जनवाडा गेला, बिदर आलं. त्यानं समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही. दोनदा मात्र जीप कडेला घेऊन थांबला, मागं वळला. "वहिनी, हात बघू," म्हणाला, आणि तिचा तळवा आपल्या तळव्यात धरून बघितला.

दवाखान्यात लगेच सलाईन लागलं. प्लेटलेट उतरल्या, मग चढल्या. मी आत होतो. तो बाहेर औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून असायचा. दिवसातून चार-पाच वेळा आत यायचा, कुसुमचा हात बघायचा, नर्सला कानडीत काहीतरी विचारायचा आणि जायचा. मी समोर असलो तर माझ्या डोक्यावरून बघायचा. मी एकदा चहा नेऊन दिला. त्यानं घेतला, प्याला, कप बाकाखाली ठेवला.

मला वाटतं तो मला कधीच माफ करणार नाही. माफ करावं असं मी म्हणणारही नाही.

आज त्यानंच घरी आणून सोडलं. कुसुमला आधार देऊन ओट्यापर्यंत नेलं. ती म्हणाली, "अण्णा, आत या ना. घोटभर चहा घ्या. इतके दिवस आमच्यासाठी..."

"न्हाई वहिनी. दुकान उघडं टाकून आलोय," तो म्हणाला आणि जीप वळवून गेला.

संध्याकाळी साबुदाणा आणायला बसस्टँडवर गेलो. खूप दिवसांनी पुढच्या रस्त्यानं गेलो. त्याच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, एकवीस तारखेपासून बंदच आहे.